नागपूर ते बँकॉक: मुंबईमार्गे की कोलकातामार्गे?
जायचं पूर्वेला, आणि आपण आधी पश्चिमेला मुंबई गाठतो. निव्वळ द्राविडी प्राणायाम! नागपूर-मुंबई हवाई अंतर सुमारे ६९० किमी, पुढे बँकॉक ३,०००च्या वर. म्हणजे एकूण जवळपास ३,७०० किमी. कोलकातामार्गे हेच अंतर साधारण २,६०० किमी भरतं. मुंबईहून बँकॉकला चार-सव्वाचार तास लागतात, कोलकात्याहून अडीचच. शिवाय कोलकात्यात देशी-विदेशी उड्डाणं एकाच टर्मिनलमधून. मुंबईत टी१ला उतरलात तर बॅगा घेऊन टी२ गाठा. मुंबईहून पर्याय जास्त, हे खरं. तरी जोडविमानाची वेळ जुळत असेल तर मी कोलकाताच निवडेन. तिकिटावरच्या वेळा स्थानिक असतात. बँकॉकचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे.