बंद पडलेल्या परीक्षेची फी आणि माझ्या नावावरची खोटी शिफारसपत्रं

परदेशात कॉम्प्युटर सायन्समध्ये एमएस करायचं ठरलं. अशा प्रवेशासाठी जीआरई ही परीक्षा देतात. मी एका सल्लागाराकडे गेलो. पहिल्याच भेटीत ते म्हणाले, "नुसत्या जीआरईवर भागणार नाही. कॉम्प्युटर सायन्सची सब्जेक्ट टेस्ट द्यावीच लागेल, तयारी आम्ही करून घेतो." मी पैसे भरले आणि चार महिने ऑटोमाटा, ग्राफ, कंपायलर घोकत बसलो. नोंदणी करायला जीआरई घेणाऱ्या ईटीएस या संस्थेच्या साइटवर गेलो, तर यादीत ती टेस्टच नाही! एप्रिल २०१३ नंतर ती घेतलेलीच नाही. जाब विचारला तर उत्तर मिळालं, "अभ्यास कधी वाया जात नाही." त्याच दिवशी संबंध तोडायला हवा होता. पण मुदत तोंडावर आली होती.

पैसे गेले त्याचं दुःख कमी आहे. अर्जांची खाती त्यांनीच उघडली होती, पासवर्डही त्यांच्याकडेच. शिफारसपत्रासाठी आपण पोर्टलवर प्राध्यापकांचा ईमेल द्यायचा असतो. विद्यापीठ त्यांना थेट लिंक पाठवतं आणि पत्र ते स्वतः अपलोड करतात. या माणसाने माझ्या तिन्ही प्राध्यापकांच्या नावाने जीमेलचे खोटे पत्ते काढले आणि पत्रं स्वतःच लिहून टाकली. पोर्टलवर तिन्ही पत्रं जमा झालेली दिसत होती, म्हणून मी निश्चिंत होतो. मग त्या तिघांपैकी एक, माझ्या प्रोजेक्ट गाइड मॅडम, भेटल्या. "अरे, मला अजून लिंक आली नाही. तारीख कधीची आहे?" माझ्या पायाखालची जमीन सरकली.

अर्जाच्या शेवटी 'वरील सर्व माहिती खरी आहे' या ओळीखाली नाव माझं होतं. हे पुढे कधीही उघडकीला आलं असतं, तर मिळालेला प्रवेशसुद्धा रद्द झाला असता. मी मॅडमना सगळं सांगितलं, विद्यापीठांना कळवलं आणि सगळे अर्ज मागे घेतले. वर्ष गेलं.

दुसऱ्या खेपेला प्रत्येक डिपार्टमेंटचं पान स्वतः वाचलं. कित्येक ठिकाणी तर साधी जीआरईसुद्धा ऐच्छिक होती, काही ठिकाणी स्वीकारतच नव्हते. हे तासाभराचं वाचन मी आधी केलं नव्हतं.

तुमचं खातं दुसऱ्या कुणी उघडलं असेल, तर आजच लॉगिन मागून घ्या, पासवर्ड बदला आणि शिफारस देणाऱ्यांच्या रकान्यातले ईमेल एकेक करून तपासा. मग प्राध्यापकांना फोन करून विचारा: लिंक आली का?