चौदाशे किलोमीटरचे बिऱ्हाड: सामान हलवणाऱ्या सेवेबद्दल चार महिन्यांनंतरचा अभिप्राय

घरसामान एका शहरातून दुसऱ्या शहरात पोहोचवून देणाऱ्या सेवेबद्दलचे बहुतेक अभिप्राय सामान उतरते त्याच दिवशी लिहिलेले असतात, त्यामुळे त्यांत हमालांची वागणूक, खोक्यांची अवस्था आणि फुटलेल्या कपबश्या यांपलीकडे फारसे काही येत नाही. आमचे चौघांचे कुटुंब सुमारे १,४०० किलोमीटर अंतरावरच्या शहरात राहायला आले त्याला आता चार महिने झाले. विम्याचा दावा निकाली निघाला आहे, जुन्या घराची अनामत परत मिळाली आहे आणि या स्थलांतरासाठी ठेवलेली खर्चाची वही बंद झाली आहे. ती वही समोर ठेवूनच हे लिहीत आहे. कंपनीचे नाव देत नाही, कारण एका मार्गावरच्या एका खेपेवरून साऱ्या कंपनीची पारख करणे योग्य होणार नाही. खर्चाचे आकडेही रकमांमध्ये न देता वाहतुकीचे मूळ बिल १०० धरून देत आहे, म्हणजे वाचणाऱ्याला ते आपल्या बिलाशी ताडून पाहता येतील.

आम्ही तीन ठिकाणांहून दरपत्रके मागवली होती. दोन कंपन्यांनी खोल्या किती, पलंग किती, कपाटे किती एवढे फोनवर विचारून आकडा कळवला. तिसरीने पाहणीसाठी माणूस पाठवला. फोनवरच्या दोघींपैकी एकीचा दर तिसरीपेक्षा जवळजवळ एक तृतीयांशाने कमी होता आणि घरात सगळ्यांचा कल साहजिकच तिकडे झुकला होता. दोन्ही कागद शेजारी ठेवून नीट वाचले तेव्हा फरकाचे कारण कळले. स्वस्त दरपत्रकात सामान १४ घनमीटर धरलेले होते, तर प्रत्यक्ष पाहणाऱ्याने ते २१ घनमीटर मोजले होते. दर घनमीटरमागचा भाव दोघांचाही जवळपास सारखाच होता. सामान जास्त भरल्यास त्या प्रमाणात आकारणी होईल, असे कलम स्वस्त पत्रकाच्या शेवटी होतेच. म्हणजे ट्रक भरून झाल्यावर आणि घर रिकामे झालेले असताना आमच्या हाती वाढीव बिल पडले असते, आणि त्या वेळी नाही म्हणण्याची सोय उरली नसती. म्हणून दरपत्रकांची तुलना करताना एकूण रकमेआधी घनमीटर पाहावेत, आणि ज्या पत्रकात घनमीटरच लिहिलेले नाहीत त्याला मी दरपत्रक म्हणणार नाही.

पाहणीला आलेल्या गृहस्थांच्या कामाबद्दल मला मनापासून चांगले लिहायचे आहे. ते दीड तास घरात होते. त्यांनी प्रत्येक कपाट उघडून पाहिले, माळ्यावर डोकावले, पलंगाखालच्या पेट्या बाहेर काढायला लावल्या, सज्जातल्या कुंड्या मोजल्या, आणि लिफ्टमध्ये काय मावेल व काय जिन्याने उतरवावे लागेल हे फीत लावून ठरवले. आमचा जुना सोफा २.१ मीटर लांब, ०.९ मीटर रुंद आणि ०.८५ मीटर उंच आहे, म्हणजे तो साधारण १.६ घनमीटर जागा घेतो आणि बिलातला साडेसात टक्क्यांचा वाटा एकटा खातो, हे त्यांनीच कागदावर मांडून दाखवले आणि तो न्यायचाच आहे का, असे विचारले. कंपनीचे बिल कमी करणारा हा सल्ला होता. सोफा विकला तर किती येतील आणि नव्या शहरात तसाच जुना घ्यायला किती लागतील, या दोन रकमांमधला फरक त्या साडेसात टक्क्यांपेक्षा कमी निघाला, म्हणून सोफा मागे ठेवला. त्यानंतर घरातल्या प्रत्येक मोठ्या वस्तूला आम्ही हाच प्रश्न विचारला आणि सामान १८ घनमीटरवर आले. सुधारित दरपत्रक त्यांनी दुसऱ्याच दिवशी दिले. यापुढचे १०० म्हणजे या सुधारित पत्रकातले बिल.

या पाहणीत एक उणीव मात्र राहिली. नव्या घराबाहेरच्या रस्त्याबद्दल त्यांनी विचारले होते, पण आमच्याकडे छायाचित्र नव्हते आणि त्यांनीही पुढे आग्रह धरला नाही. प्रत्यक्षात मोठा ट्रक त्या गल्लीत वळेना; सामान नाक्यावर उतरवून लहान टेम्पोने तीन फेऱ्यांत आणावे लागले आणि त्याचे ६ वेगळे लागले. ही आकारणी करारात होती, त्यामुळे तक्रार नाही. पण घर पाहायला जाणाऱ्याने दिवाणखान्याबरोबर गल्लीचे तोंड, जिन्याची रुंदी आणि गाडी उभी राहण्याची जागा यांचीही छायाचित्रे घ्यावीत, एवढे यातून नक्की सांगता येते.

आता सगळ्यात महत्त्वाच्या निर्णयाकडे येतो, आणि यात आमचा हिशेब चुकला. लांबच्या मार्गावर सामान दोन प्रकारे जाते. एक तर पूर्ण ट्रक आपल्यापुरता घ्यायचा, नाही तर दोन-तीन कुटुंबांचे सामान एकाच मोठ्या ट्रकमध्ये भरायचे आणि आपण व्यापलेल्या जागेपुरते पैसे द्यायचे. दुसरा प्रकार स्वस्त असतो, कारण इंधन, पथकर आणि चालकाचा पगार वाटला जातो. पण ट्रक भरेपर्यंत सामान गोदामात थांबते आणि वाटेत इतरांचे उतरवत गाडी पुढे जाते, त्यामुळे पोहोचण्याची एक तारीख न मिळता काही दिवसांचा पट्टा मिळतो. आम्हाला सहा ते दहा दिवस सांगितले होते. सामायिक ट्रकचे बिल १०० होते आणि पूर्ण ट्रकचे १४०. चाळीस वाचतात म्हणून आम्ही सामायिक ट्रक घेतला.

सामान बाराव्या दिवशी आले. तोवर चौघांचे तात्पुरते राहणे, बाहेरचे जेवण, कपडे धुऊन घेणे आणि दोन गाद्यांचे भाडे मिळून दर दिवसाला साधारण ४ खर्च होत होते. पूर्ण ट्रक रोज साडेचारशे-पाचशे किलोमीटर गेला असता तरी तिसऱ्या दिवशी दारात आला असता. म्हणजे नऊ दिवस जास्त थांबलो आणि त्यांत ३६ खर्च झाले. चाळीसपैकी हाती चार उरले, आणि त्या चारांसाठी मुलांनी नव्या शाळेचा पहिला आठवडा अभ्यासाच्या टेबलाशिवाय आणि स्वतःच्या अंथरुणाशिवाय काढला. हा हिशेब दरपत्रके आली त्या संध्याकाळी पाच मिनिटांत मांडता आला असता: दोन प्रकारांतला फरक घ्यायचा, त्याला थांबण्याच्या एका दिवसाच्या खर्चाने भागायचे, आणि जितके दिवस येतील त्यापेक्षा जास्त थांबावे लागण्याची शक्यता असेल तर पूर्ण ट्रक घ्यायचा. एकट्या माणसाला, किंवा नव्या शहरात ज्याची नातलगांकडे सोय आहे त्याला, हाच सामायिक ट्रक अतिशय फायद्याचा ठरेल.

माझी खरी तक्रार दोन दिवसांच्या उशिरापेक्षा कराराबद्दल आहे. आम्ही भरण्याची तारीख ऐनवेळी बदलली तर किती कापून घेणार, हे करारात अगदी स्पष्ट होते. सामान दहाव्या दिवसानंतर आले तर कंपनी काय देणार, याबद्दल एक ओळही नव्हती. लेखी विचारणा केल्यावर दिलगिरीचे पत्र आले, त्यात भरपाईचा उल्लेख नव्हता. इतकी नेटकी पाहणी करणाऱ्या कंपनीला आपल्या वेळापत्रकाची जबाबदारी कागदावर घेता येत नाही, हे मला पटत नाही.

थांबण्याचा काळ सुसह्य व्हावा म्हणून रजया आणि गरम कपडे विमानाने पुढे पाठवावेत, असाही विचार केला होता. हवाई मालवाहतुकीत प्रत्यक्ष वजन आणि आकारमानावरून काढलेले वजन यांतले जे जास्त असेल त्यावर आकारणी होते, आणि त्यासाठी सामान्यतः ६,००० घन सेंटीमीटरला एक किलो धरतात. आमचे रजयांचे खोके ६० बाय ५० बाय ५० सेंटीमीटरचे होते. काट्यावर ते ७ किलो भरले, आकारमानाने मात्र २५ किलो. तो बेत तिथेच सोडला.

बांधाबांधीचे काम उत्तम झाले. सहा माणसे सकाळी आठला आली आणि संध्याकाळी पाचला ट्रक निघाला. पुस्तकांसाठी त्यांनी मुद्दाम लहान खोकी आणली होती, कारण चाळीस लिटरच्या खोक्यात पुस्तके गच्च भरली तर ते वीस किलोंच्या पुढे जाते आणि त्याहून मोठे खोके तळातून फाटते. फ्रिज आदल्या दिवशीच बंद करून कोरडा करायला सांगितला होता, तो उभाच नेला आणि पोहोचल्यावर काही तास तसाच ठेवून मग सुरू करायला लावला. तो आडवा पडला तर कॉम्प्रेसरमधले तेल नळ्यांत उतरते आणि यंत्र बिघडू शकते. समोरून उघडणाऱ्या वॉशिंग मशीनचे पिंप प्रवासात घट्ट धरून ठेवणारे बोल्ट मात्र आमच्याकडून हरवले होते. कंपनीच्या माणसाने ते आठवडाभर आधी फोनवर विचारले, म्हणून नवीन मागवायला वेळ मिळाला. प्रत्येक खोक्याला क्रमांक, खोलीचे नाव आणि यादीत नोंद होती. उतरवताना यादीवर खूण करत गेलो आणि ५८ पैकी ५८ खोकी मिळाली.

पैसे वाचवण्यासाठी स्वयंपाकघरातली आठ खोकी आम्ही स्वतः भरली होती. त्यांतल्या दोन खोक्यांमधल्या बरण्या फुटल्या, आणि मालकाने स्वतः भरलेल्या खोक्याच्या आतल्या मोडतोडीला विमा लागू नाही, हे कलम तेव्हा नीट वाचले. भरणावळीत वाचलेली रक्कम आणि फुटलेल्या वस्तूंची किंमत जवळपास सारखीच निघाली. कपडे, चादरी, पुस्तके स्वतः भरावीत. काच आणि चिनी माती त्यांच्याकडेच सोपवावी.

विम्याबद्दल थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक आहे, कारण वाहतूकदाराची जबाबदारी आणि प्रवासविमा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली करारातल्या मर्यादेपुरती असते आणि ती मर्यादा सामानाच्या किमतीच्या मानाने फार लहान असू शकते. दुसऱ्यासाठी हप्ता भरावा लागतो आणि सामानाची मूल्यासह यादी द्यावी लागते. हप्ता कमी बसावा म्हणून सामानाची किंमत कमी दाखवण्याचा मोह होतो, पण बहुतेक विमापत्रांत प्रमाणाचा नियम असतो: शंभराचे सामान साठाचे दाखवले, तर दहाच्या नुकसानीला सहाच मिळतात. आम्ही पूर्ण मूल्य दाखवले होते. काचेच्या कपाटाचे एक दार तडकलेले आढळले. ते पोच पावतीवर सही करण्याआधी तिच्यावरच लिहिले, चालकाची सही घेतली आणि त्याच दिवशी छायाचित्रे पाठवली. घसारा वजा करून नुकसानीच्या सुमारे तीन चतुर्थांश रक्कम एकतिसाव्या दिवशी मिळाली. पाठपुराव्याचे दोन फोन पुरले.

वहीतला एकूण खर्च १९४ भरला. वाहतुकीचे १०० आणि थांबण्याचे दिवस सोडून बाकीचे दोन्ही घरांच्या पंधरा दिवसांच्या दुहेरी भाड्यात, प्रवासात, टेम्पोत, विम्याच्या हप्त्यात, जुन्या घराच्या रंगकामात आणि पडद्याच्या दांड्यांसारख्या असंख्य लहान वस्तूंत गेले. आम्ही अंदाज १७० चा बांधला होता आणि आकस्मिक खर्चासाठी २५ वेगळे ठेवले होते. त्यांतला एक शिल्लक राहिला. अनामत हा खर्च नव्हे, पण नव्या घराची आधी द्यावी लागते आणि जुन्या घराची नंतर मिळते. आमच्या बाबतीत हे अंतर सात आठवड्यांचे होते आणि तेवढी रोकड हाताशी नसती तर कर्ज काढावे लागले असते.

पुन्हा बिऱ्हाड हलवायची वेळ आली तर मी याच कंपनीच्या पाहणीसाठी फोन करीन, बांधाबांधीही त्यांच्याकडेच देईन आणि ट्रक पूर्ण घेईन. पोहोचण्याची तारीख आणि उशीर झाल्यास रोजची ठरावीक वजावट या दोन ओळी करारात घालून मागेन. त्या घालायला नकार आला, तर आगाऊ रक्कम देण्याआधी आणखी दोन कंपन्यांना घरी बोलावीन.