बोअरच्या पाण्यावर १५ लिटरचा गीझर : दोन हिवाळ्यांच्या वापरानंतरचा अनुभव

सांगलीच्या विश्रामबागेतील आमच्या तीन मजली इमारतीत १५ लिटरचा, २००० वॅटच्या कॉइलचा आणि आतून काचेचा लेप दिलेल्या टाकीचा गीझर बसवला, त्याला आता दोन हिवाळे उलटले आहेत. घेण्यापूर्वी जे वाचले आणि दुकानात जे ऐकले, ते बहुतेक सगळे वीजबचतीच्या ताऱ्यांची संख्या, हमीची वर्षे आणि बाहेरच्या आवरणाची शोभा यांविषयी होते. सांगली-मिरज भागात, आणि त्यातही जिथे बोअरचे पाणी वरच्या टाकीत मिसळते अशा इमारतींत, गीझर किती वर्षे टिकेल हे या तिन्हींपैकी कशावरही फारसे अवलंबून नाही, असे माझे मत आता पक्के झाले आहे. पाण्यात क्षार किती आहेत आणि ते काढण्यासाठी गीझर वेळच्या वेळी उघडला जातो की नाही, यावर सगळे अवलंबून असते.

आमच्याकडे महापालिकेचे कृष्णेचे पाणी ठरावीक वेळी येते आणि ते कमी पडले की सोसायटी बोअर चालू करते. उन्हाळ्यात तर बोअरचाच भाग जास्त असतो. कृष्णाकाठच्या काळ्या जमिनीत उसाला वर्षानुवर्षे भरपूर पाणी देऊन बऱ्याच शिवारांत जमीन क्षारपड झाली आहे, हे जिल्ह्यात कोणाला नव्याने सांगायला नको. भूगर्भातल्या पाण्याचीही चव त्यामुळे अनेक ठिकाणी मचूळ लागते. बोअरच्या पाण्यात डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही आणि बादलीच्या कडेला पांढरी रेघ धरते, एवढ्यावरूनही अंदाज येतो. तरीही पाणी एकदा प्रयोगशाळेत तपासून घ्यावे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार एकूण कठीणता लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावी आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालते. आमच्या बोअरचा आकडा ६०० च्याही पुढे निघाला.

हे पाणी थंड असताना क्षार विरघळलेले असतात, म्हणून ते स्वच्छ दिसते. तापवले की त्यातल्या कॅल्शियम बायकार्बोनेटचे विघटन होऊन कॅल्शियम कार्बोनेट तयार होते आणि ते पाण्यात जवळजवळ विरघळत नसल्यामुळे घट्ट थर होऊन बसते. गीझरमध्ये सर्वांत तप्त भाग कॉइल, त्यामुळे पहिला थर तिथेच बसतो. पाणी जितके जास्त तापवावे, तितका हा थर वेगाने वाढतो.

आता प्रत्यक्ष वापराविषयी. हिवाळ्यात गच्चीवरच्या टाकीतले पाणी साधारण २२ अंशांवर असते, असे धरले तर १५ लिटर पाणी ५५ अंशांपर्यंत नेण्यास सुमारे ०.५८ युनिट वीज लागते आणि २००० वॅटच्या कॉइलला त्यासाठी सतरा-अठरा मिनिटे पुरतात. आमचा अनुभवही तेवढाच आहे. या पाण्यात थंड पाणी मिसळून ४० अंशांचे पाणी केले, तर हिशेबाने सुमारे २७ लिटर होते. गरम पाणी काढताना आत थंड पाणी येत राहते, म्हणून हाती थोडे कमी पडते. अंघोळीची मध्यम बादली घेणाऱ्या एका माणसाला हे भरपूर होते, दोघांना पाठोपाठ थोडे जपून वापरावे लागते आणि शॉवरखाली निवांत उभे राहणाऱ्याला १५ लिटर पुरत नाही. चौघांच्या कुटुंबाने सकाळी एका मागून एक अंघोळी उरकायच्या असतील, तर २५ लिटरचा घेणे बरे.

ताऱ्यांविषयी एक गोष्ट समजून घ्यावी. साठवणीच्या गीझरला मिळणारे तारे हे तापलेले पाणी तसेच ठेवले असता चोवीस तासांत किती उष्णता बाहेर निघून जाते, यावर ठरतात. ज्यांचा गीझर दिवसभर चालू असतो, त्यांना जास्त ताऱ्यांचा फायदा बिलात दिसेल. आम्ही सकाळी बटण लावतो, अंघोळी होताच बंद करतो, त्यामुळे आमच्या घरी हा फरक किरकोळ आहे. त्या जास्तीच्या पैशांत चांगली कॉइल मिळत असेल, तर मी कॉइलला पैसे देईन.

पहिल्या हिवाळ्याच्या शेवटी गीझरचा आवाज बदलला. सुरुवातीला तो जवळजवळ निःशब्द चालत असे. नंतर पाणी तापताना आतून बारीक तडतड आणि मग खदखद ऐकू येऊ लागली. काही दिवसांनी आईने सांगितले की, दिवा विझतो, म्हणजे पाणी तापले असे गीझर म्हणतो, पण बादली पूर्वीइतकी कढत होत नाही. वीजबिल मात्र वाढलेले नव्हते, आणि ही बाब मला सर्वांत महत्त्वाची वाटते. क्षार साचले की बिल वाढते, असे सर्रास सांगितले जाते. पाण्यात बुडालेल्या कॉइलच्या बाबतीत ते फारसे खरे नाही, कारण कॉइलमधून निघणाऱ्या उष्णतेला पाण्याखेरीज दुसरीकडे जायला वाटच नसते. थर जाड झाला की कॉइल स्वतः अधिक तापते, थराखाली अडकलेल्या पाण्याची वाफ होऊन आवाज येतो, जवळच्या थर्मोस्टॅटला, म्हणजे ठरलेल्या तापमानाला वीज तोडणाऱ्या भागाला, खरे तापमान कळत नाही आणि तो लवकर वीज तोडतो. शेवटी अतितप्त कॉइलच्या आवरणाला चीर जाते, पाणी आत शिरते आणि आरसीसीबी (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच) पडतो. बिलाकडे पाहून साफसफाई ठरवणाऱ्याला या बिघाडाची सूचना कधीच मिळणार नाही. कान आणि बादली यांच्यावर विश्वास ठेवावा.

हमीच्या मुदतीत होतो, म्हणून प्रथम कंपनीच्या सेवा केंद्राला कळवले. आलेल्या तंत्रज्ञाने बटण लावून पाणी तापते हे पाहिले आणि चालू यंत्र उघडण्याची गरज नाही, असे सांगून तो निघून गेला. आमच्या भागातील पाण्यासाठी वर्षातून एकदा टाकी उघडणे हा देखभालीचा भाग मानला पाहिजे, आणि बिघाड झाल्याशिवाय हात न लावण्याची ही पद्धत ग्राहकाच्या तोट्याची आहे, असे मला स्पष्टपणे वाटते. पुन्हा लेखी तक्रार केल्यावर दुसरा तंत्रज्ञ आला आणि त्याने काम मन लावून केले. हमीच्या काळात बाहेरच्या माणसाकडून उघडून घेतल्यास हमी जाऊ शकते, म्हणून हा पाठपुरावा करावा लागला.

काम करताना मी शेजारी उभा होतो. त्याने आधी एमसीबी (गीझरचा वीजपुरवठा तोडणारा स्विच) पाडला, टेस्टरने खात्री केली, गीझरकडे येणाऱ्या पाण्याचा अँगल कॉक बंद केला आणि गरम पाण्याचा नळ उघडून टाकीतला दाब काढला. पाणी उतरवल्यावर खालच्या झाकणाचे नट सैल केले, तेव्हा उरलेल्या पाण्याबरोबर पांढऱ्या खपल्या आणि राखी रंगाचा चिखल बादलीत पडला. कॉइल बाहेर आली ती ओळखूच येत नव्हती. वळणांच्या मधल्या जागा भरून गेल्या होत्या आणि वरचा थर कुठे दोन, कुठे तीन मिलिमीटर होता. नखाने दाबल्यावर तो अंड्याच्या टरफलासारखा चटकन फुटला, आणि खरोखर दोन्हींचे मुख्य द्रव्य एकच, कॅल्शियम कार्बोनेट.

हा थर स्क्रू-ड्रायव्हरने खरवडणारे पुष्कळ असतात. तसे करू देऊ नये, कारण आवरणावर ओरखडे पडले की गंज तिथूनच सुरू होतो. किराणा दुकानात मिळणारे सायट्रिक ॲसिड एक लिटर कोमट पाण्यात पन्नास ते शंभर ग्रॅम विरघळवून कॉइल त्यात बुडवून ठेवली. वायरी जोडण्याची टोके मात्र पाण्याबाहेर कोरडी राहिली पाहिजेत. लगेच बुडबुडे येऊ लागतात, तो कार्बन डायऑक्साइड असतो. बुडबुडे थांबले की द्रावण बदलावे. तासा-दीड तासात मऊ ब्रशने उरलेला थर सुटतो. संडास साफ करण्याचे तीव्र ॲसिड या कामाला वापरू नये, हे आग्रहाने सांगतो. ते हायड्रोक्लोरिक असते, क्षारांबरोबर धातूही खाते आणि बंद न्हाणीघरात त्याच्या वाफांचा त्रास होतो. टाकीच्या तळाचा गाळ हाताने काढून दोनदा पाण्याने धुतला. झाकण बसवताना गॅस्केट, म्हणजे झाकणाखालची पाणी अडवणारी चकती, नवी घातली. जुनी पुन्हा वापरली तर झाकणाखालून पाझर सुटतो. टाकी पूर्ण भरून गरम नळातून अखंड धार आल्याशिवाय बटण लावू नये, कारण कोरडी कॉइल पाहता पाहता जळते.

झाकणावर कॉइलशेजारी मॅग्नेशियमचा रॉड असतो. टाकीच्या पोलादाऐवजी आधी तो झिजावा, एवढ्यासाठीच तो दिलेला असतो. खाऱ्या पाण्यात तो लवकर संपतो. आमचा रॉड निम्म्याहून बारीक झाला होता आणि एका टोकाला आतली तार दिसत होती, म्हणून बदलला. टाकीवर अनेक वर्षांची हमी आहे म्हणून निश्चिंत राहणाऱ्यांनी हा रॉड एकदा डोळ्यांनी पाहावा. तो संपल्यावर काचेच्या लेपात जिथे सूक्ष्म भेग असेल तिथून टाकी गंजते, आणि गळकी टाकी दुरुस्त होत नाही.

स्वच्छतेनंतर आवाज थांबला आणि बादली पूर्ववत कढत होऊ लागली. त्यानंतर थर्मोस्टॅट कमाल खुणेवरून उतरवून ५५ अंशांच्या आसपास ठेवला आहे. दुसऱ्या हिवाळ्यानंतर उघडले तेव्हा थर बराच पातळ होता. ६० अंशांचे पाणी काही सेकंदांत त्वचा भाजते, म्हणून घरात वृद्ध माणसे किंवा लहान मुले असतील तर कमी तापमान सोयीचेही आहे. मात्र गावाला जाऊन बरेच दिवसांनी परतल्यावर पहिले पाणी ६० च्या वर तापवून ओतून द्यावे. लेजिओनेला नावाचा जिवाणू कोमट, साचलेल्या पाण्यात वाढतो आणि त्या तापमानाला मरतो.

सेफ्टी व्हॉल्व्हविषयी शेजाऱ्यांकडून वारंवार विचारणा होते. पाणी तापताना त्यातून थेंब पडतात, ही गळती नाही. २५ पासून ६० अंशांपर्यंत तापताना पाणी सुमारे दीड टक्का फुगते, म्हणजे १५ लिटरमागे साधारण २०० मिलिलिटर जास्तीचे पाणी होते, आणि ते बाहेर पडण्यासाठीच हा व्हॉल्व्ह असतो. काही प्लंबर तक्रार नको म्हणून ते भोक बुजवून टाकतात. असे कोणी केले असेल तर आजच उघडून घ्यावे, कारण थर्मोस्टॅट आणि पाणी अति तापल्यास वीज तोडणारा कटआउट दोन्ही बिघडले तर टाकी फुटू शकते. थेंबांसाठी बारीक नळी लावून ती खालच्या जाळीपर्यंत न्यावी. व्हॉल्व्हची छोटी दांडी महिन्यातून एकदा उचलून सोडावी, नाहीतर क्षारांनी तो जाम होतो.

तेच क्षार शॉवरच्या आणि नळाच्या तोंडाशीही साचतात. शॉवरची चकती काढून सायट्रिक ॲसिडच्या सौम्य पाण्यात अर्धा तास ठेवली की छिद्रे मोकळी होतात. नळाच्या टोकाची जाळी फिरवून निघते, तीही तशीच धुवावी. क्रोमच्या नळाला व्हिनेगरचे फडके थोडा वेळ गुंडाळून लगेच स्वच्छ पाण्याने पुसावे. पण न्हाणीघरात शहाबादी फरशी किंवा कडाप्पा असेल तर हे काम बादलीतच करावे. हे दोन्ही दगड चुनखडीचे आहेत, त्यांवर आम्ल सांडले की तकाकी कायमची जाते.

गीझरच्या आधी बसवायचा पॉलिफॉस्फेटचा लहान फिल्टर वर्षभर वापरून पाहिला. तो पाणी मृदू करत नाही, क्षारांना घट्ट बसू देत नाही. त्यातील गोळ्या काही महिन्यांनी भराव्या लागतात, पाणी फार तापवल्यास परिणाम उतरतो आणि गच्चीच्या टाकीचा दाब आधीच कमी असेल तर धार आणखी बारीक होते. आमच्याकडे उपयोग झाला, पण त्यामुळे वार्षिक साफसफाई टळली नाही.

नवा गीझर घेणाऱ्यांनी ८ बार (बार हे दाबाचे एकक) दाब सोसणाऱ्या टाकीचा आग्रह उंच इमारत किंवा प्रेशर पंप असेल तरच धरावा. पाण्याची टाकी गीझरच्या दहा मीटर वर असली तरी दाब सुमारे १ बारच असतो. २००० वॅटला जवळजवळ ९ ॲम्पिअर प्रवाह लागतो, म्हणून १६ ॲम्पिअरचे सॉकेट, जाड तांब्याची वायर, नीट अर्थिंग आणि ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी यांत काटकसर करू नये. कॉइल इन्कोलॉय या गंज न धरणाऱ्या मिश्रधातूची किंवा काचेचा लेप असलेली मिळाल्यास तीच घ्यावी. आणि पैसे देण्यापूर्वी त्या मॉडेलची गॅस्केट व रॉड सांगलीत सुटे मिळतात का, हे विचारावे. आमच्या गीझरची गॅस्केट पुण्याहून मागवावी लागली आणि ती येईपर्यंत आठवडाभर चुलीवर पाणी तापवले, म्हणून आता एक जादा गॅस्केट आणि एक रॉड घरात आणून ठेवला आहे.