कर्टिस की हॉर्टस? भिंतीवर लावायच्या जुन्या वनस्पतिचित्रांबद्दल

तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेली, हाताने रंगवलेली जुनी वनस्पतिचित्रं घरात लावायची असं एकदा मनाने घेतलं, की आपल्यासारखा पगारदार माणूस फिरून फिरून दोनच ठिकाणी येतो. एक म्हणजे लंडनचं 'कर्टिस बोटॅनिकल मॅगझिन' आणि दुसरं ॲमस्टरडॅमला छापलेलं 'हॉर्टस मलबारिकस'. वनस्पतिशास्त्रज्ञ रॉक्सबर्गची कोरोमंडल किनाऱ्यावरच्या झाडांची ३०० चित्रं (१७९५ ते १८२०) आपल्याच मातीतली आणि रंगीतही, पण किंमत ऐकून हातातला चहा गार होतो. दापोडीच्या सरकारी बागेत १८४० च्या दशकात एका अनाम चित्रकाराने काढलेली सुंदर चित्रं एडिंबरोला आहेत. ती मूळ जलरंगातली, एकेकच. विकत मिळण्याचा प्रश्नच नाही. नव्या छापील नकलांबद्दल मी बोलत नाही. त्या ज्यांना चालतात त्यांना चालोत.

माझ्याकडे दोन्हींतलं एकेक आहे. त्यामुळे जे लिहितोय ते दोन फ्रेमांच्या अनुभवावर, एवढं लक्षात असू द्या.

मराठी माणसाचा जीव आधी हॉर्टसवरच जडतो. कोचीचा डच कमांडर हेंड्रिक व्हान रीडे याने मलबारातल्या झाडांची माहिती जमवली आणि १६७८ ते १६९३ या काळात तिचे बारा खंड निघाले. त्यात चाफा आहे, बहावा आहे, पळस आहे. या कामात इट्टी अच्युतन वैद्यांच्या जोडीला रंगभट, विनायक पंडित आणि आपुभट हे कोकणी बोलणारे तीन ब्राह्मण होते. त्यांनी १६७५ साली दिलेलं नागरी लिपीतलं प्रशस्तिपत्र पहिल्या खंडात छापलेलं आहे. पुष्कळ चित्रांवर तर रोमन, मल्याळम आणि अरबी अक्षरांच्या बरोबरीने नागरीतही झाडाचं नाव कोरलेलं दिसतं. साडेतीनशे वर्षांपूर्वी ॲमस्टरडॅममध्ये कुणीतरी तांब्यावर उलटी नागरी कोरत बसला होता, या कल्पनेनेच मी अर्धा विकला गेलो. शिवाय चित्र जवळजवळ हातभर रुंद. सोफ्याच्या वर एकच लावलं तरी भिंत भरते.

कर्टिस त्यापुढे अगदीच बेताचा. वहीच्या पानाएवढा कागद, त्यावर एक फांदी. १७८७ च्या फेब्रुवारीत हे मासिक सुरू झालं ते इंग्रज बागायतदारांसाठी, तेव्हा निम्म्याहून जास्त झाडं आपण पाहिलेलीही नसतात. पाहुणे विचारतात, "हे कसलं फूल?" आणि आपल्याला खालचं लॅटिन नाव वाचून दाखवावं लागतं. एकटा कर्टिस भिंतीवर हरवतो. तीन-चार ओळीने लावावे लागतात, म्हणजे फ्रेमांचा खर्च तिप्पट-चौपट.

इथवर वाचून तुम्ही हॉर्टस घ्यायला निघाला असाल. मीही तसाच निघालो होतो.

मी घेतला तो पारिजातक. पहिल्या खंडातला, परदेशातल्या एका विक्रेत्याकडून, रंगवलेला. कर्टिसच्या चौपट पैसे मोजले. कोथरूडच्या आमच्या घरी फ्रेम होऊन आली, भिंतीवर चढली आणि संध्याकाळी आईने चष्मा पुसून पाहिली. आमच्या सोसायटीच्या कुंपणाशी पारिजातक आहे. पावसाळा सरत आला की आई रोज सकाळी परडी घेऊन खाली सडा वेचायला जाते. तिने दोन सेकंद पाहिलं आणि म्हणाली, "अरे, देठ हिरवे कसे?"

देठ हिरवे होते. पांढऱ्या पाकळ्यांखाली प्रत्येक फुलाला छान, नीट, काळजीपूर्वक रंगवलेला हिरवा देठ. ज्या केशरी देठावरून आपल्याकडे लहान मूलही पारिजातक ओळखतं, तो रंगवणाऱ्याने कधी पाहिलेलाच नव्हता. त्याने चित्र पाहिलं, फुलाचा देठ दिसला, देठ हिरवा असतो, झालं. विक्रेत्याला दोष देता येत नाही. वर्णनात शेवटच्या ओळीत 'रंग नंतरचे' असं लिहिलेलं होतं. मी ते 'थोडे नंतरचे' असं समजून वाचलं. हॉर्टस मुळात काळ्या शाईतच छापला गेला. बाजारात रंगीत दिसतो तो बहुतेक वेळा पुढे कधीतरी, कुणीतरी, विकायला सोपं जावं म्हणून रंगवलेला असतो. दुसऱ्या कुणाला याचं काही वाटणार नाही कदाचित. मला मात्र जेवताना त्या भिंतीकडे तोंड करून बसवेना.

कर्टिसचं वेगळं आहे. तिथे रंग हा मासिकाचाच भाग होता. चित्रकार जिवंत झाडावरून चित्र काढायचा, त्याचा रंगीत नमुना समोर ठेवून रंगारी एकेक प्रत हाताने रंगवायचे. मासिक काढणाऱ्या विल्यम कर्टिसच्या पदरी असे तीसेक रंगारी होते म्हणतात. पुढे तांब्याच्या जागी शिळाछाप आली तरी हाताने रंगवणं थेट १९४८ पर्यंत चाललं. माझ्याकडे १८२० च्या दशकातली कळलावी आहे, पोस्टखर्चासकट साडेसहा हजारांना पडलेली. पाकळ्यांच्या कडा नागमोडी, वर लाल, खाली पिवळ्या. आईने तीही चष्मा पुसून पाहिली. काही बोलली नाही. आमच्याकडे याला पसंती म्हणतात.

कर्टिसला खोडी नाहीत असं नाही. पांढरा रंग शिशाचा असेल तर तो काळवंडतो. पांढरी फुलं घेताना जपून. तांब्यापासून केलेला हिरवा रंग वर्षानुवर्षांत कागद खातो आणि मागच्या बाजूला पानाच्या आकाराचा तपकिरी डाग उमटतो. पण गंमत अशी की हाच डाग रंग जुना असल्याची खूणही असतो. म्हणून विक्रेत्याकडे मागच्या बाजूचा फोटो आवर्जून मागावा. हॉर्टसची चित्रं पुस्तकात दुमडून शिवलेली असल्याने मधोमध घडी असते. त्या घडीच्या झिजलेल्या तंतूंत रंग मुरलेला दिसला, तर कागद वर्षानुवर्षं दुमडून झिजल्यावर कुणीतरी कुंचला फिरवला असं खुशाल समजा. माझ्या पारिजातकाच्या घडीत हिरवा रंग शाईसारखा फुटलाय. हे मला पैसे दिल्यावर कळलं.

घडीचा आणखी एक त्रास पुण्याच्या पावसात कळतो. जुलैत हवेत ओल आली की मोठा कागद घडीपाशी फुगतो आणि काचेला टेकायला बघतो. छोटा कर्टिस मुकाट बसतो. दोन्हीसाठी फ्रेमवाल्याला मात्र आधीच बजावा: फेविकॉल नाही, मागे हार्डबोर्ड थेट नाही, आम्लरहित माउंट हवा आणि कागद वरच्या दोन कोपऱ्यांवरच गव्हाच्या खळीने जपानी कागदाच्या पट्टीवर टांगलेला हवा. तो "साहेब, असं कुणी करत नाही" म्हणेल. म्हणू द्या. समोरून ऊन येणाऱ्या भिंतीवर लावू नका, आणि बाहेरून पाऊस झोडपतो त्या भिंतीवर तर मुळीच नको. कसर लागायला एक पावसाळा पुरतो.

मुलं अमेरिकेत असतील तर एक गोष्ट. शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू १९७२ च्या कायद्याने आपल्याला देशाबाहेर नेता येत नाही. बाहेरून मागवलेलं चित्रही एकदा इथे आलं की इथलंच. सुनेला भेट म्हणून घेत असाल तर तिकडच्या तिकडेच पोचवायला सांगा.

तेव्हा रंगीतच हवं असेल तर मी आपला कर्टिस सुचवेन, तीन ओळीने. भिंत मोठी असेल आणि नागरी अक्षरांचा मोह सुटत नसेल, तर हॉर्टस जरूर घ्या, पण काळ्या शाईतला, कोरा. तो स्वस्तही पडतो. मी स्वतः पहिल्या खंडातल्या चाफ्याचं कोरं पान शोधतोय, तेव्हा ते कुठे दिसलं तर जरा थांबा आणि मला आधी घेऊ द्या.