एमजीबी रोडस्टर: ठाण्यात बाळगण्याजोगी जुनी ब्रिटिश स्पोर्ट्सकार

हलकी, दोन आसनांची, वरून उघडी आणि रचनेने साधी अशी जुन्या वळणाची ब्रिटिश स्पोर्ट्सकार ठाण्यासारख्या शहरात बाळगावी का, या प्रश्नाला माझे उत्तर होकारार्थी आहे. मात्र ती एमजी या ब्रिटिश कंपनीची एमजीबी असावी, क्रोमच्या बंपरची असावी आणि जुन्या अँबेसिडर हाताळलेला एखादा मिस्त्री मालकाच्या ओळखीचा असावा. हे परीक्षण १९६६ सालच्या एका रोडस्टरचे आहे. ही गाडी बरीच वर्षे आमच्या कुटुंबात असून सध्या तिची देखभाल आणि तिचे चालवणे या दोन्ही गोष्टी माझ्याकडे आहेत.

१९६२ हे वर्ष या प्रकारच्या गाड्यांसाठी विलक्षण ठरले. त्या वर्षी लंडनच्या अर्ल्स कोर्टमधील मोटार प्रदर्शनात एमजीबी, ट्रायम्फ स्पिटफायर आणि लोटस एलान या तिन्ही गाड्या लोकांसमोर आल्या. तिघींत एलान सर्वांत नाजूक आणि अभियांत्रिकीच्या दृष्टीने सर्वांत चतुर होती, यात शंका नाही. पण रोजच्या धक्क्यांना पुरून उरेल अशी गाडी निवडायची झाल्यास मी एमजीबीच निवडेन. एमजीबीच्या आधीच्या एमजीए या गाडीला स्वतंत्र चासी, म्हणजे खालचा भारवाही सांगाडा, होती. एमजीबीत एमजीचे अभियंता सिड एनेव्हर यांच्या चमूने ती काढून टाकली आणि पत्र्याचे संपूर्ण शरीरच भार पेलेल अशी रचना केली. त्यामुळे वजन सुमारे ९२० किलोपर्यंत राहिले आणि आतील जागाही वाढली. ऑक्सफर्डजवळच्या अ‍ॅबिंग्डन येथील कारखान्यात ही गाडी १९८० पर्यंत तयार होत राहिली आणि बंद छपराची जीटी धरून पाच लाखांहून अधिक गाड्या तेथून बाहेर पडल्या. आजच्या वाचकाला एमजी हे नाव हेक्टर या एसयूव्हीमुळे ठाऊक असते. त्याच नावाची आजची दोन आसनी सायबरस्टर विजेवर चालते आणि तिचे वजन जवळजवळ दोन टन भरते, म्हणजे जुन्या एमजीबीच्या दुपटीहून अधिक.

आता इंजिनाकडे वळतो, कारण भारतीय वाचकाच्या दृष्टीने या गाडीचा खरा आधार तोच आहे. एमजीबीचे १७९८ घनसेंटिमीटरचे इंजिन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या ‘बी सीरिज’ घराण्यातले आहे. याच घराण्यातले १४८९ घनसेंटिमीटरचे इंजिन १९५९ पासून आपल्या अँबेसिडरमध्ये बसत असे, आणि सुरुवातीच्या एमजीएमध्येही तेच, फक्त अधिक जोमाने चालणारे, इंजिन होते. वागळे इस्टेटमधील एका गॅरेजात गाडी पहिल्यांदा नेली, तेव्हा बॉनेट उघडल्याबरोबर तेथील वयस्क मिस्त्री म्हणाले, “साहेब, हे तर आपल्या अँबेसिडरचंच इंजिन आहे. काळजी नको.” त्यांचे म्हणणे शब्दशः खरे नव्हते, कारण पिस्टन, क्रँकशाफ्ट आणि इतर अनेक भाग परस्परांना लागत नाहीत. तरीही टॅपेट कसे बसवायचे, पुशरॉड आणि रॉकर यांची मांडणी कशी असते, इंजिनाचे डोके (सिलिंडर हेड) किती घट्ट करायचे, हे सारे त्यांच्या हाताला आधीच माहीत होते. परदेशी जुनी गाडी बाळगताना सुटे भाग मिळवण्यापेक्षा ते बसवणारा जाणता हात मिळवणे अधिक कठीण असते, आणि एमजीबीच्या बाबतीत ती अडचण ठाण्यात अजून तरी सुटण्यासारखी आहे.

या इंजिनाची ताकद ५४०० फेऱ्यांना ९५ अश्वशक्ती आणि ओढ ३००० फेऱ्यांना १४९ न्यूटन-मीटर अशी सांगितलेली आहे. आजच्या हिशेबात हे आकडे डोळे दिपवणारे नाहीत. मात्र ओढ खालच्या फेऱ्यांतच मिळत असल्याने शहरात गिअर वारंवार बदलावा लागत नाही. चौथ्या गिअरमध्ये ताशी ६० किलोमीटरला इंजिन दोन हजारांच्या थोड्या वर फिरते आणि तेथून पायाच्या हलक्या दाबावर गाडी पुढे सरकते. एसयू बनावटीचे दोन कार्बोरेटर हा या गाडीचा सर्वांत लोभस भाग आहे. हवेच्या ओढीने आतला पिस्टन वर उचलला जातो, त्याला जोडलेली निमुळती सुई जेटमधून वर सरकते आणि हवेच्या प्रमाणात पेट्रोल सुटते, इतके सरळ त्याचे काम आहे. दोन्ही कार्बोरेटर सारखी हवा घेतात की नाही हे पाहण्यासाठी आमचे मिस्त्री रबरी नळीचे एक टोक कानाशी आणि दुसरे आळीपाळीने दोन्ही तोंडांशी धरतात आणि आवाज जुळेपर्यंत स्क्रू फिरवतात. कार्बोरेटरच्या वरच्या नळकांड्यातले तेल कमी झाले, तर अ‍ॅक्सिलरेटर दाबताच इंजिन क्षणभर अडखळते. गाडीत मोठा बिघाड झाल्याची शंका घेण्यापूर्वी ते तेल पाहावे.

चालवण्याचा अनुभव येऊरच्या चढावर सर्वांत स्पष्ट होतो. उपवन तलावाकडून वर जाणारा तो वळणांचा रस्ता लांबीने थोडा आहे, आणि वनखात्याचे नियम पाळून सकाळीच तेथे जाणे इष्ट. रॅक अँड पिनियन स्टिअरिंगला पॉवरची मदत नाही, त्यामुळे गाडी उभी असताना चाके वळवायला जोर लागतो. पण गाडी हलू लागली की पुढच्या चाकांखाली खडी आहे, ओल आहे की गुळगुळीत डांबर आहे, हे हातांना कळत राहते. मागचा अ‍ॅक्सल अखंड असून तो पानांच्या स्प्रिंगांवर बसवलेला आहे. ही रचना १९६२ मध्येही नवी नव्हती, आणि वळणात मध्येच खड्डा आला तर गाडीचा मागचा भाग किंचित बाजूला उडतो. तरीही तो हलला हे चालकाला तत्काळ समजते आणि सावरणेही तितकेच सहज असते. वेग फार नसतानाही गाडी चालवण्याचा पुरेपूर आनंद मिळावा, ही या वर्गातील गाड्यांची खरी कसोटी आहे, आणि तिच्यावर एमजीबी माझ्या मते पूर्ण उतरते. नवी मुंबईतील पाम बीच रस्त्यावर, एका बाजूला खारफुटी आणि खाडीकडून येणारा वारा असताना, वेगमर्यादेच्या आत राहून ती जितकी सुखावते, तितकी माझ्या परिचयातली दुसरी कोणतीही गाडी सुखावत नाही.

घोडबंदर रस्त्यावर मात्र ती नेऊ नये असे मी स्पष्टपणे सांगेन. चालकाचे डोके अवजड ट्रकच्या चाकाच्या उंचीला येते आणि ट्रकचालकाला आपण दिसतच नाही. गायमुखजवळचे खड्डे सायलेन्सरला परवडणारे नाहीत. या गाडीला एअरबॅग नाहीत, आसनांना डोके टेकायला आधार नाही; कमरेचे आणि खांद्याचे पट्टे तरी बसवून घेतल्याशिवाय ती रस्त्यावर काढू नये.

उकाडा हा दुसरा गंभीर प्रश्न. कार्बोरेटर आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (जळका वायू बाहेर नेणारी तप्त नळी) इंजिनाच्या एकाच बाजूला, एकाखाली एक असे आहेत. मे महिन्यात तीन हात नाक्याच्या सिग्नलवर गाडी थांबली, की खालची उष्णता वर चढते, पेट्रोलची वाफ होऊ लागते आणि इंजिन गुदमरते. दोहोंमधला उष्णतारोधक पत्रा जागेवर असणे, रेडिएटर आतून साफ असणे आणि विजेवर चालणारा जादा पंखा बसवणे, या तीन उपायांनी आमचा त्रास बराच कमी झाला. पायांना लागणारी गिअरबॉक्सची ऊब मात्र कायम आहे.

पेट्रोलचाही विचार करावा लागतो. भारतातून शिशाचे पेट्रोल २००० साली गेले आणि आता २० टक्के इथेनॉलचे मिश्रण सर्वत्र मिळते. शिसे गेल्यामुळे एक्झॉस्ट वॉल्व्हच्या मूळ बैठका झिजतात, म्हणून इंजिनाचे डोके उतरवले असतानाच कठीण धातूच्या बैठका बसवून घ्याव्यात. इथेनॉलमुळे जुन्या रबरी नळ्या आणि पंपातील पडदे मऊ होऊन फुटतात, त्यामुळे इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या घालाव्यात आणि कार्बोरेटरच्या मिश्रणात पेट्रोलचे प्रमाण थोडे अधिक ठेवावे. गाडी महिनाभर उभी राहणार असेल, तर जुने पेट्रोल टाकीत ठेवू नये.

विजेच्या बाबतीत एवढे ध्यानात ठेवावे, की १९६७ पूर्वीच्या गाड्यांत बॅटरीचे धन टोक गाडीच्या पत्र्याला जोडलेले असते. आजची कोणतीही विद्युत वस्तू तशीच जोडली तर ती जळेल. आसनांच्या मागे फळीखाली सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या दडलेल्या असतात आणि तेथे हात पोहोचणे कष्टाचे आहे. पावसाळ्यात वरचे घडीचे हूड गळते. ते कितीही नीट बसवले तरी गळते.

विकत घेणाऱ्याने कायद्याची बाजूही पाहावी. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या गाडीची ‘व्हिंटेज’ म्हणून ‘व्हीए’ अक्षरांच्या क्रमांकाखाली नोंदणी होऊ शकते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये असून ती १० वर्षे चालते, आणि पुनर्नोंदणीला ५,००० रुपये लागतात. मात्र अशी गाडी रस्त्यावर नियमित वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे आणि देखभाल अशा कारणांपुरतीच ती बाहेर काढता येते. आमच्या गाडीची जुनी नोंदणी नूतनीकरण करून टिकवलेली आहे, आणि ज्यांना सकाळचा फेरफटका हवा आहे त्यांनी अशीच कागदपत्रे चालू असलेली गाडी शोधणे बरे.

निवड करताना १९७४ च्या उत्तरार्धानंतरच्या काळ्या रबरी बंपरच्या गाड्या मी टाळेन. अमेरिकेच्या नियमांसाठी त्यांची उंची वाढवण्यात आली आणि वळणातला तोल त्यामुळे बिघडला. सुरुवातीच्या इंजिनाच्या क्रँकशाफ्टला आधार देणारी तीन मुख्य बेअरिंग होती. १९६४ च्या अखेरीस आलेले पाच बेअरिंगचे इंजिन अधिक टिकाऊ आहे. तिसऱ्या व चौथ्या गिअरवर चालणारा ओव्हरड्राइव्ह (त्याच वेगाला इंजिनाच्या फेऱ्या कमी करणारी जोड) असलेली गाडी मिळाल्यास ती घ्यावीच.

इंजिन, गिअरबॉक्स आणि ब्रेक हे सर्व दुरुस्त होण्याजोगे आहे. गंज तसा नाही. दारांखालच्या सिल, म्हणजे पत्र्याच्या पोकळ तुळया, या गाडीचा कणा आहेत, कारण वर छप्पर नसल्याने मधला बहुतेक भार त्यांच्यावरच येतो. ठाण्याच्या खाडीची खारी हवा आणि गालिच्याखाली साचलेले पावसाचे पाणी त्या आतून खातात, बाहेरून मात्र रंग चकचकीत दिसतो. म्हणून गाडी जॅकवर उचलून दाराच्या मागच्या कडेची फट पाहावी. ती अरुंद झाली किंवा दार उघडताना घासू लागले, तर सिल गेल्या असे समजावे. ब्रिटनमध्ये मूळ साच्यांवरून एमजीबीचे अख्खे शरीर १९८८ पासून नव्याने तयार होत आहे, त्यामुळे पत्र्याचा प्रत्येक भाग मिळतो. पण भाडे, सीमाशुल्क आणि कापून पुन्हा वेल्डिंग करण्याचा खर्च मिळून चांगल्या शरीराची आणि थकल्या इंजिनाची गाडीच शेवटी स्वस्त पडते. पाहणीला जाताना पावसाळ्याचे दिवस निवडावेत, गालिचे उचलायला सांगावे आणि विक्रेत्याने त्याला नकार दिल्यास परत यावे.