रेडिएशन सेंटर चांगलं, पण पोटाचं आधी कोणी सांगितलं नाही

आईला गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर, ऑपरेशननंतर पुण्यातल्या एका सेंटरला ओटीपोटावर २५ सिटिंग झाले, नाव लिहीत नाही. आयएमआरटीचं, म्हणजे आजूबाजूचे अवयव वाचवून नेमक्या जागी किरणं देणारं मशीन आहे, नंबर वेळेवर लागतो आणि टेक्निशियन मुलं फार मायेने वागतात, रोज "काकू, पाणी प्यायलात ना?" विचारणारच. अर्धा लिटरची बाटली संपवून आई बाकावर पाय आवळून बसायची. ब्लॅडर भरलेलं असलं की आतडी वर सरकतात, किरणांच्या वाटेतून बाजूला होतात. हे मला दहाव्या सिटिंगला कळलं, तेही त्या मुलांकडून.

तक्रार हीच आहे. पहिल्या दिवशी कातडी काळी पडेल, साबण लावू नका एवढंच सांगितलं, पोटाबद्दल चकार शब्द नाही. तिसऱ्या आठवड्यात दिवसाला आठ-नऊ जुलाब सुरू झाले आणि आम्ही बाहेरचं पाणी बाधलं समजून दोन दिवस घरचेच उपाय करत बसलो, आईला जिना चढवेना.

मग डायटिशियन मॅडम भेटल्या, माझे सगळे स्टार त्यांना. कागदावर आतडं काढून समजावलं. आतड्याचं अस्तर चार-पाच दिवसांत नवीन होत असतं, किरणं त्या वाढणाऱ्या पेशीच मारतात, मग दूध पचवणारं लॅक्टेज कमी पडतं, पित्त नीट शोषलं जात नाही आणि पुढे जाऊन जुलाब वाढवतं. मळमळीचं तर मला माहीतच नव्हतं, शरीरातलं जवळपास ९० टक्के सेरोटोनिन पोटात बनतं म्हणे, किरणांनी ते भसकन बाहेर पडतं आणि नसेवाटे मेंदूला उलटीचा निरोप जातो, ऑन्डॅनसेट्रॉन तो निरोप अडवते म्हणून गोळी सिटिंगच्या आधी द्यायची. आम्ही रोज घरी आल्यावर देत होतो!

दुधाचा चहा बंद केला, मऊ भात, ओआरएस, डॉक्टरांना विचारून जुलाब थांबवणारी लोपेरामाइडची गोळी. चौथ्या दिवशी आई तीन वेळांवर आली.

आणि आयएमआरटी आहे का हे विचाराच. टाटा मेमोरियलने ऑपरेशननंतर रेडिएशन घेणाऱ्या ३०० बायकांवर अभ्यास केला, २०२१ ला छापून आला, तीन वर्षांत आतड्याचा बऱ्यापैकी त्रास आयएमआरटीत २१ टक्के आणि जुन्या पद्धतीत ४२.

डायटिशियनची अपॉइंटमेंट पहिल्याच दिवशी मागून घ्या, आपणहून देत नाहीत. तळमजल्यावरच्या टॉयलेटला रांग असते, पहिल्या मजल्यावरचं बहुतेक मोकळं सापडतं.