लुई आर्मस्ट्राँगचं घर, कोरोना (क्वीन्स, न्यूयॉर्क)

मोठ्ठं म्युझियम असेल असं डोक्यात ठेवून जाऊ नका, हे घर आहे, साध्या गल्लीतलं, आजूबाजूला लोक राहतात. जॅझमधला एवढा मोठा ट्रम्पेटवाला १९४३ पासून १९७१ मध्ये वारेपर्यंत इथेच राहिला. घर घेतलं बायकोने, ल्युसिलने, त्याला न दाखवताच. दौऱ्यावरून आला तर त्याला खरंच वाटेना, टॅक्सीवाल्याला म्हणे जरा थांब, जाऊ नकोस.

आत गाइडबरोबरच फिरायचं. किचनमधून आईला अक्षरशः ओढून काढावं लागलं, निळीशार चकचकीत कपाटं आणि ब्लेंडर चक्क ओट्यातच बसवलेला! बाथरूममध्ये चारी बाजूंनी आरसे, सोन्याचा मुलामा दिलेले नळ, मला जरा अतीच वाटलं, पण न्यू ऑर्लिन्सच्या गरिबीतून आलेला, लहानपणी सुधारगृहाच्या बँडमध्ये कॉर्नेट (ट्रम्पेटसारखंच, जरा छोटं वाद्य) वाजवणारा माणूस, केली हौस तर केली.

पैसे वसूल होतात ते त्याच्या खोलीत. टेप करायचा भयंकर नाद, घरातल्या गप्पा, जोक, प्रॅक्टिस, काय वाट्टेल ते रेकॉर्ड करायचा आणि टेपच्या खोक्यांवर फोटो कापून चिकटवत बसायचा. टूरमध्ये त्यातले तुकडे ऐकवतात, तो घोगरा आवाज त्याच्याच घरात ऐकताना काटा येतो. भिंतीवर त्याचं पोर्ट्रेट आहे ते गायक टोनी बेनेटने काढलेलं.

फक्त जायच्या आधी 'वेस्ट एंड ब्लूज' (१९२८) ऐकाच, सुरुवातीला ट्रम्पेट एकटाच सुटतो ना, तिथेच कळतं की लोक याच्या मागे का लागले. नाहीतर आपल्यापैकी बऱ्याच जणांना रुमाल, हसरा चेहरा आणि 'हॅलो डॉली' एवढंच माहीत असतं (तेही कमी नाही म्हणा, १९६४ मध्ये बासष्टाव्या वर्षी या गाण्याने अमेरिकेच्या चार्टवर बीटल्सना एक नंबरवरून खाली खेचलं त्याने). आणि अलबेलावाल्या सी. रामचंद्रांबरोबर ट्रम्पेट वाजवणाऱ्या आपल्या गोव्याच्या चिक चॉकलेटला भारताचा आर्मस्ट्राँग म्हणायचे, तो कोणासारखा वाजवायचा तेही लक्षात येईल.

समोरच २०२३ मध्ये त्याच्या नावाचं नवीन सेंटर झालंय, तेही बघा. तिकीट आधी बुक करा, घर लहान आहे. सात नंबरची ट्रेन, १०३ स्ट्रीटला उतरायचं. उन्हाळ्यात गेलात तर नंतर लेमन आइस किंग या इटालियन आइसच्या दुकानात जा, थोडं चालावं लागतं पण चालतंय.